टाक्यापासून आखलेले घर

भूमध्य समुद्राच्या काठी, एखाद्या डोंगरउतारावरील खेड्यात आपले लहानसे घर असावे, ही इच्छा उत्तर युरोपात राहणाऱ्या पुष्कळ माणसांच्या मनात असते. आणि आता आपल्या मराठी मंडळींतही ती अधूनमधून बोलून दाखविली जाते. नोकरीची वर्षे संपत आली, मुले मार्गी लागली, म्हणजे ढगाळ आकाशाला कंटाळलेले मन दक्षिणेकडे धाव घेते. त्या स्वप्नातील चित्रही बहुधा ठरलेले असते. दगडी भिंतींचे घर, त्यात लेखन, चित्रकला, विणकाम किंवा सुतारकाम यांसाठी एक निवांत खोली, दाराशी भाजीपाल्याचे वाफे, पलीकडे ऑलिव्हची व अंजिराची झाडे, आणि या सर्वांच्या मागे निळा समुद्र.

चित्र सुंदर आहे, आणि ते खोटेही नाही. परंतु ते रंगविणारा मनुष्य बहुधा खिडकीपासून सुरुवात करतो. समुद्र कोठून दिसेल हे तो आधी ठरवितो आणि बाकीचे घर त्या खिडकीभोवती रचतो. त्या प्रदेशातील जुने शेतकरी मात्र पाण्यापासून सुरुवात करीत. टाके कोठे खोदता येईल, त्यात पाणी कोठून येईल आणि ते कोणत्या वाटेने झाडांपर्यंत जाईल, हे ठरल्यावर मग खोल्यांचा विचार. या क्रमात पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण साठविलेले आहे. तो क्रम उलटा केला, तर घर, कामाची खोली आणि बाग या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या वैरिणी होतात. हे कसे घडते आणि कसे टाळता येते, ते स्पेनच्या मायोर्का बेटाचे उदाहरण घेऊन येथे सांगावयाचे आहे.

उलटा पाऊस

आपण मराठी माणसे पावसाविषयी एक गोष्ट गृहीत धरून चालतो. उन्हाची तलखी असह्य झाली, की मृग येतो. जमीन जेव्हा सर्वांत तापलेली असते, तेव्हाच आकाश तिला भरभरून देते. आणि ऊब व ओल एकत्र आल्यामुळे आठ-पंधरा दिवसांत सारे शिवार हिरवे होते. भूमध्य समुद्राच्या काठचा न्याय याच्या नेमका उलट आहे. तेथे पाऊस थंडीत पडतो. मे महिन्यापासून तो आटत जातो, जुलैत जवळजवळ नाहीसा होतो आणि सप्टेंबर उजाडल्यावर कोठे पुन्हा ढग जमू लागतात. म्हणजे ज्या महिन्यांत झाडांना सर्वाधिक तहान लागते, त्याच महिन्यांत त्यांना देण्यासारखे आकाशाजवळ काही नसते.

मायोर्काची राजधानी पाल्मा येथे वर्षाला सरासरी चारशे ते साडेचारशे मिलिमीटर पाऊस पडतो. बेटाच्या वायव्येस असलेल्या सेर्रा दे त्रामुंताना या डोंगररांगेत तो याहून पुष्कळच अधिक असतो. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या मनुष्यास हे आकडे केविलवाणे वाटतील. पण त्यातही शरद ऋतूतील पाऊस हप्त्याहप्त्याने न येता एकदम कोसळतो, आणि उन्हाने कठीण झालेल्या उतारावरून माती घेऊन समुद्रात जातो. त्या पाण्याला व मातीला अडविण्यासाठी तेथील लोकांनी डोंगराच्या डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी बांधून काढले. आपल्या कोकणातील गडग्याप्रमाणे या भिंती चुन्यावाचून, नुसता दगडावर दगड बसवून रचलेल्या असतात. फटींतून पाणी झिरपते, पण माती मागे राहते. या मानवनिर्मित भूदृश्याचा २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात समावेश केला. आणि अशा कोरड्या दगडी रचनेची कला स्पेन, इटली, ग्रीस आदी आठ देशांचा सामाईक वारसा म्हणून २०१८ मध्ये मान्य झाली. घर बांधू इच्छिणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे, की ढासळलेली एक ताल पुन्हा उभी करणे, हेच बहुधा त्याचे पहिले बांधकाम असते.

देया गावचे एक घर

याच डोंगररांगेत, वाल्देमोसा आणि सोयेर या गावांच्या मध्ये, देया नावाचे खेडे आहे. इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हज हे १९२९ मध्ये अमेरिकन कवयित्री लॉरा रायडिंग यांच्यासह तेथे आले आणि १९३२ मध्ये गावाच्या कडेला त्यांनी स्थानिक दगडात आपले घर उभे करविले. त्याचे नाव ‘का नल्युन्य’, म्हणजे दूरचे घर. समोरून पाहिले तर त्यात दिपवून टाकणारे काही नाही. जाड भिंती, हिरव्या झडपांच्या खिडक्या, आत लेखनाची खोली, सीझिन प्रेस या त्यांच्या छोट्या मुद्रणालयाचा हातयंत्रासह संसार, आणि भोवती ऑलिव्ह, बदाम, संत्री-लिंबे व भाजीपाला यांची बाग. घर, उद्योग आणि मळा या तिन्हींचा एकत्र प्रपंच कसा असतो, हे पाहावयाचे तर याहून सुबोध उदाहरण सहसा सापडणार नाही.

या घरात ‘आय, क्लॉडियस’ ही १९३४ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी लिहिली गेली. १९३६ मध्ये स्पेनचे यादवी युद्ध सुरू झाल्यावर ग्रेव्हज यांना बेट सोडावे लागले, आणि मध्ये दुसरे महायुद्ध येऊन गेल्यामुळे ते थेट १९४६ मध्ये परतू शकले. त्यानंतर १९८५ मध्ये निधन होईपर्यंत ते तेथेच राहिले. गावच्या चर्चच्या आवारातच त्यांचे दफन झाले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पुस्तके आहेत. तरीही बागकामाची व खत मुरविण्याची त्यांना मनापासून आवड होती. २००६ पासून हे घर संग्रहालय म्हणून लोकांस खुले आहे. अशा ठिकाणी गेलेला प्रवासी कवीच्या टेबलापुढे रेंगाळतो. त्याने तितकाच वेळ बाहेर, घराची जागा, त्याची दिशा आणि झाडांची रांग पाहण्यात घालविला, तर त्याला घर बांधण्याविषयी अधिक शिकावयास मिळेल.

पाण्याचा हिशेब

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. हे साधे कोष्टक पाठ असले, की पुढचा सारा हिशेब घरबसल्या करता येतो. समजा, घराचे छप्पर १२० चौरस मीटर आहे आणि वर्षाचा पाऊस ४५० मिलिमीटर. एकंदर ५४,००० लिटर पाणी छपरावर पडेल. त्यातील पाचवा हिस्सा बाष्पीभवनात, गळतीत आणि पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून देण्यात गेला असे धरले, तर हाती सुमारे ४३,००० लिटर लागतात. दोन माणसांनी प्रत्येकी रोज ५० लिटर, म्हणजे बऱ्याच काटकसरीने वापरले, तरी वर्षाला ३६,५०० लिटर लागणार. शिल्लक राहिले साडेसहा हजार लिटर.

या शिलकीत बाग किती होईल? कडक उन्हाळ्यात टोमॅटो, वांगी, काकडी यांसारख्या पिकांच्या वाफ्यास चौरस मीटरमागे रोज चार लिटर धरले, तर चार महिन्यांत ४८० लिटर लागतात. म्हणजे साडेसहा हजार लिटरांत जेमतेम साडेतेरा चौरस मीटर, एका लहान खोलीएवढी भाजी! ज्याने नकाशावर पाचशे चौरस मीटरांचा मळा हौसेने हिरव्या रंगात रंगविला असेल, त्याने हा आकडा पाहून क्षणभर थांबावे.

येथे जुन्या घरांतील अंगणाचे मर्म कळते. घरापुढे १०० चौरस मीटर फरसबंदी असली आणि तिला टाक्याकडे किंचित उतार दिला, तर वरील हिशेबानेच आणखी ३६,००० लिटर पाणी मिळते, आणि भाजीचा मळा साडेतेरावरून एकदम ८५-९० चौरस मीटरांवर जातो. पाहुण्यांना ते अंगण बसण्यासाठी केलेले दिसते, आणि तसा त्याचा उपयोगही होतो. परंतु घराच्या जमाखर्चात ते दुसरे छप्पर आहे. फरशी कोणत्या बाजूस उतरती करावी, हा प्रश्न म्हणूनच शोभेचा नाही.

टाकी दोन असावीत. एक छपराच्या पाण्याचे, झाकलेले, घरापुरते, सुमारे २०,००० लिटरांचे. दुसरे अंगणाच्या पाण्याचे, बागेसाठी, ४०,००० लिटरांचे. पहिले भरून वाहू लागले, की त्याचे पाणी दुसऱ्यात जावे. दुसरे टाके शक्य तर मळ्याच्या वरच्या अंगास असावे, म्हणजे पंपावाचून पाटाने किंवा ठिबक नळीने पाणी उताराने जाईल. उघड्या टाक्यातील पाणी उन्हाळ्यात डोळ्यांदेखत उडून जाते आणि त्यात डासही होतात. यास्तव त्यावरही आच्छादन हवे. स्नानाचे पाणी अंजीर, डाळिंब अशा झाडांच्या आळ्यांत सोडावे. पालेभाजीवर सोडू नये.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? खोल विहीर खणावी आणि विजेचा पंप बसवावा. बेटावर अनेकांनी तेच केले. परंतु समुद्राजवळच्या जमिनीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्याला दाबून धरीत असतो. उपसा भरमसाट झाला, की समुद्र आत सरकतो आणि विहीर मचूळ होते. आपलीच नव्हे, शेजाऱ्याचीही. या किनाऱ्यावर पाणी ही पूर्वीपासून सामाईक वस्तू मानली गेली आहे. स्पेनच्या वालेन्सिया शहरात कॅथीड्रलच्या दारापुढे दर गुरुवारी दुपारी बारा वाजता पाटपाण्याचे न्यायमंडळ बसते. शेतकऱ्यांनी निवडलेले शेतकरीच तेथे तंटे ऐकतात; सारे काम तोंडी चालते आणि निकाल तेथल्या तेथे मिळतो. ही परंपरा युनेस्कोने २००९ मध्ये वारसा म्हणून नोंदविली. परदेशातून येऊन गावात घर बांधणाऱ्याने जमीन विकत घेताना कागदपत्रांत आधी काय पाहावे, तर त्या जमिनीस पाण्याचा कोणता हक्क आहे आणि त्या पाण्यावर आणखी कोण जगत आहे, हे पाहावे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, आजच्या स्पेनमधील कादिस येथे जन्मलेल्या कोलुमेला या लेखकाने शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. वाहते पाणी नसेल तर विहीर, आणि तीही साधत नसेल तर पावसाच्या पाण्यासाठी मोठी टाकी बांधावीत, असा त्याचा क्रम आहे. दोन हजार वर्षांत या सल्ल्यात बदल करण्यासारखे फारसे काही घडलेले नाही.

ऊन आणि भिंत

पाण्यानंतर उन्हाचा विचार. देया गाव विषुववृत्तापासून सुमारे ३९ अंश ४५ मिनिटे उत्तरेस आहे. तेथे जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ७४ अंश वर असतो, तर डिसेंबरच्या मध्यान्ही केवळ २७ अंश. या एका फरकावर सबंध घर उभे करता येते. दक्षिणेकडील दार सव्वादोन मीटर उंच असेल आणि त्यावर ६५ सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा असेल, तर जूनच्या दुपारी दार संपूर्ण सावलीत राहते. हिवाळ्यात त्याच छज्ज्याची सावली दाराच्या वरच्या ३३ सेंटिमीटरांपुरतीच पडते आणि बाकीचे ऊन खोलीत येऊन फरशी उबदार करते. पूर्व-पश्चिमेस मात्र छज्जा निरुपयोगी, कारण तेथे सूर्य खालून तिरपा येतो. म्हणून पश्चिमेच्या भिंतीत खिडक्या थोड्या व लहान ठेवाव्यात, आणि ज्या ठेवाव्या लागतील त्यांस लाकडी झडपा बसवाव्यात.

द्राक्षाचा मांडव हा या प्रदेशाने घराला दिलेला उत्कृष्ट अलंकार. मे महिन्यात तो पालवून ओसरीवर सावली धरतो, शरदात घड देतो आणि थंडीत पाने गाळून ऊन मोकळे सोडतो. दोऱ्या ओढून उघडझाप करावे लागणारे कोणतेही यंत्र इतके वेळेवर काम करीत नाही.

जाड दगडी भिंत दिवसाची उष्णता सावकाश आत घेते आणि रात्री सोडते. परंतु तिच्याविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. उन्हाळ्यात घर पाहून ते विकत घेणाऱ्याला त्याचा हिवाळा ठाऊक नसतो. संगीतकार शोपँ आणि लेखिका जॉर्ज साँ यांनी १८३८-३९ चा हिवाळा वाल्देमोसा येथील मठात काढला. थंडी, ओल आणि शोपँचे आजारपण यांनी तो गाजला. त्यावरील साँ यांच्या पुस्तकाचे पुढे इंग्रजी भाषांतर केले ते ग्रेव्हज यांनीच. तेव्हा उत्तरेची भिंत आतून किंवा बाहेरून उष्णतारोधक करावी, जोत्याशी ओल चढू देऊ नये, आणि निदान एका खोलीत उत्तम शेगडी असावी. छपरावर तेथे आपल्याकडील नळीच्या कौलांसारखी अर्धगोल कौले घालतात. ती सुंदर असतात. मात्र त्यांखाली आज आच्छादनाचा थर घातल्यावाचून राहू नये.

कामाची खोली

आता ज्या खोलीसाठी बहुतेक मंडळी हा सारा प्रपंच मांडतात, तिचा विचार करू. रोमन वास्तुकार व्हित्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सांगून ठेवले आहे, की ग्रंथालय पूर्वेकडे तोंड करून असावे. कारण तेथे सकाळचा प्रकाश मिळतो आणि पुस्तके ओलीने खराब होत नाहीत. चित्रकाराची व विणकराची खोली मात्र त्याने उत्तरेस ठेविली आहे, कारण उत्तरेचा प्रकाश दिवसभर सारखा राहतो आणि रंग फसवीत नाहीत. लेखन करणाऱ्याने पूर्व घ्यावी आणि हाताने घडविणाऱ्याने उत्तर घ्यावी, हा नियम आजही कोणी मोडू नये.

याचे आधुनिक उदाहरण मायोर्कातच आहे. चित्रकार जोन मिरो यांच्यासाठी वास्तुकार जुझेप लुईस सेर्त यांनी पाल्मा येथे आखलेली चित्रशाळा १९५६ मध्ये पुरी झाली. वक्राकार छपरांमधून वरून प्रकाश घेणारी आणि उन्हाला भाजक्या मातीच्या जाळ्यांनी गाळून आत सोडणारी ही वास्तू काँक्रीटची असूनही तेथलीच वाटते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की १९५९ मध्ये मिरो यांनी शेजारचे सोन बोतेर हे जुने शेतघरही घेतले आणि ते दुसरी कामाची जागा म्हणून वापरले. नव्या, प्रशस्त खोलीने जुन्या जाड भिंतींच्या खोलीची गरज संपविली नाही.

कामाच्या खोलीसाठी तीन गोष्टी आग्रहाने पाळाव्यात. पहिली ही, की तिला स्वतंत्र दार असावे आणि तेथे जाण्यासाठी दहा-वीस पावले तरी उघड्यावरून चालावे लागावे. स्वयंपाकघरातून सरळ आत जाता येणारी खोली चार महिन्यांत कोठीची खोली होते. दुसरी ही, की टेबल समुद्राकडे तोंड करून मांडू नये. दृश्य ओसरीवरून पाहावे. टेबलाशी बसल्यावर डोळ्यांपुढे भिंत किंवा एखादे झाड पुरे. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. खोलीतून भाजीचे वाफे दिसू नयेत. हे विचित्र वाटेल, पण तहानलेले रोप दिसले की हातातील काम टाकून उठावेसे वाटते, आणि असा उठलेला मनुष्य त्या सकाळी पुन्हा टेबलाशी येत नाही.

कारण बाग पाण्याइतकाच वेळही पिते. येथेच या घराचा खरा पेच आहे. ज्या कामासाठी नोकरीची बंधने सोडून माणूस येथवर आला, ते काम हजार चौरस मीटरांची हौस गिळून टाकते; किंवा कामात गढलेल्या धन्याच्या मागे बाग वाळते आणि वर्षभरात घराला उदासपण येते. या पेचातून सुटण्याचा मार्ग दिनक्रमात आहे. उन्हाळ्यात शिंपणे पहाटे किंवा सूर्यास्तानंतर करावयाचे, कारण दुपारी घातलेले पाणी निम्मे उडून जाते. मधला सारा वेळ, झडपा लावून, थंड खोलीत कामाचा. हवामानाने आखलेले हे वेळापत्रक पाळता येईल एवढीच बाग करावी. आणि ती किती, हे टाके आधीच सांगून राहिलेले असते.

परसबाग आणि मळा

बागेची तीन वर्तुळे कल्पावीत. घराच्या सर्वांत जवळ, टाक्याच्या अगदी खाली, भाजीचे वाफे आणि स्वयंपाकाच्या सुगंधी वनस्पती. दुसऱ्या वर्तुळात संत्री, लिंबे, डाळिंबे, ज्यांना उन्हाळ्यात मधूनमधून पाणी हवे. तिसऱ्यात ऑलिव्ह, बदाम, अंजीर आणि गोड शेंगांचे कॅरोब. ही झाडे पहिली दोन-तीन वर्षे जपली, म्हणजे पुढे पावसावर जगतात. जो हे उलटे करून संत्री दूर उतारावर लावतो, तो आयुष्यभर नळ्या ओढीत बसतो.

दुसरी गोष्ट वर्षारंभाची. आपली पेरणी पावसाच्या तोंडावर जूनमध्ये होते. तेथील पाऊस शरदात येतो, म्हणून बागेचे वर्ष ऑक्टोबरात सुरू करावे. मटार, ब्रॉड बीन, लसूण, कांदा, पालक, कोबी, आर्टिचोक हे सर्व थंडीच्या पावसावर, टाक्याला हात न लावता येते. नवी झाडेही याच वेळी लावावीत, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी मुळे खोल जातात. नोव्हेंबरापासून ऑलिव्हची तोडणी, आणि जानेवारी-फेब्रुवारीत बदामाला मोहर. उन्हाळी टोमॅटो-वांगी ही चैन समजून, जेवढे पाणी शिल्लक असेल तेवढीच करावीत. आळ्यांवर पेंढ्याचे आच्छादन घालावे आणि स्वयंपाकघरातील टाकाऊ भाग खताच्या खड्ड्यात मुरवावा, म्हणजे तेच पाणी अधिक दिवस पुरते.

या बागेत आपल्या माणसास एक गंमत आढळेल. संत्र्याला स्पॅनिश भाषेत ‘नारांहा’ म्हणतात. तो शब्द अरबी ‘नारंज’ वरून, अरबी फारसीतील ‘नारंग’ वरून, आणि फारसी आपल्या संस्कृत ‘नारंग’ वरून आला. शब्दाबरोबर फळही पूर्वेकडून अरबांच्या हातांनी तेथे पोहोचले. देयाच्या शेजारचे सोयेर हे खोरे संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. डोंगरामुळे ते पाल्मापासून तुटलेले असल्याने १९१२ मध्ये आगगाडी होईपर्यंत तेथील फळे फ्रान्सला समुद्रमार्गे जाणे अधिक सोपे होते. अरबांनी झाडाबरोबर पाण्याची विद्याही आणली. पाट, टाके, हौद यांना तेथे आजही मूळ अरबी शब्द रूढ आहेत. आणि कोकणातील वाडीत कुरकुरणाऱ्या रहाटाचा भाऊबंद मायोर्काच्या मैदानातही जनावरांच्या बळावर फिरत असे. ग्रीसमध्ये दाराशी, जिन्यावर कुंडीत बेसिल लावण्याची चाल आहे. ती आपल्या सब्ज्याची वनस्पती, म्हणजे तुळशीच्याच कुळातील. अंगणात तुळस लावू इच्छिणाऱ्या आपल्या गृहिणीला तेथे परके वाटण्याचे कारण नाही. थंडीत कुंडी तेवढी आत घ्यावी.

आता दोन संकटांची नोंद करणे अवश्य आहे. झायलेला नावाच्या जिवाणूने इटलीच्या पुल्या प्रांतात २०१३ पासून ऑलिव्हची असंख्य झाडे वाळविली. मायोर्कात तो २०१६ मध्ये आढळला आणि बदामाच्या बागांचे मोठे नुकसान झाले. म्हणून रोपे नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच घ्यावीत, एका देशातील फांदी पिशवीत घालून दुसऱ्या देशात नेण्याचा मोह टाळावा, आणि एकाच जातीच्या झाडांनी सारा मळा भरू नये. दुसरे संकट वणव्याचे. २०१३ च्या जुलैमध्ये आंद्राच परिसरात दोन हजारांहून अधिक हेक्टर डोंगर जळाला. ज्या ताली पूर्वी कसल्या जात, त्या सोडून दिल्यामुळे तेथे झुडपे आणि पाइन माजतात आणि आगीला वाट मिळते. घराभोवती मोकळी, झाडलेली जागा ठेवणे, छपरावरील वाळला पाला काढणे आणि ताली कसत राहणे हाच त्यावरील उपाय. म्हणजे मळा सांभाळणारा मनुष्य आपल्या घराबरोबर गावाचेही रक्षण करीत असतो.

सारांश असा, की अशा घराचा नकाशा काढावयास बसल्यावर पहिली रेघ पाण्याच्या वाटेची असावी. मग टाकी, मग झाडांची तीन वर्तुळे, मग सावली आणि ऊन, मग कामाची खोली, आणि शेवटी उरलेले घर. शक्य झाले तर जमीन घेतल्यावर एक संपूर्ण वर्ष काही बांधू नये. जानेवारीत पाणी कोठे साचते आणि ऑगस्टमध्ये सावली कोठे पडते, हे पाहावे. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास विचारावे. ढासळलेली ताल तेवढी नीट करावी. त्या वर्षात आपल्या गरजाही आपोआप मापात येतात. मोठ्या बागेचा हट्ट सुटतो, दोन खोल्या कमी चालतील असे वाटू लागते, आणि रोज सकाळी चार तास टेबलाशी बसण्याची सवय जडते. मग बांधलेले घर लहान असले, तरी त्यात काम होते, झाडे फळतात, आणि सप्टेंबरात पहिला पाऊस येईपर्यंत टाक्याच्या तळाशी घागरभर पाणी शिल्लक राहते.